जेरोमचा दगड

"आणि लोकांना सांगायचं काय? देवाची चाकरी सोडून आली म्हणून?" सासूबाईंनी कप बशीत असा आपटला की चहा टेबलक्लॉथवर उडाला.

"आई, तुझी लेक पळून आलेली नाही. रीतसर परवानगी घेऊन बाहेर पडलीय," नवरा म्हणाला. तो शाळेची बस चालवायचा. दिवसभर पोरांचा कालवा ऐकून घरात त्याचा आवाज कधी वर चढत नसे.

"परवानगी! अर्धं आयुष्य कॉन्व्हेंटात काढलं आणि आता केस पिकल्यावर परवानगी! चर्चमध्ये मी पहिल्या बाकावर बसते. आता कुठं बसू?"

"दुसऱ्या बाकावर," नात पुटपुटली.

"ऐकू येतं मला. बहिरी नाही झाले अजून."

"पण आजी, तू लोकांना आत्तापर्यंत सांगितलंयस काय?"

"लांब मिशनवर पाठवलीय म्हणून."

"किती लांब?"

"जहाजानं जावं लागतं."

"आणि आत्या राहते कुठं, तर बाबांची बस दुपारच्या सुट्टीत जाऊन परत येईल एवढ्यावर!"

यावर सुनेनं काहीतरी बोलायला हवं होतं. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिचा हात ॲप्रनच्या खिशात गेला होता. खिशात हात म्हणजे तोंड बंद, हे आता घरातल्या मांजरालाही कळत होतं.

गल्लीत तिला मूर्तीवाली म्हणत. मागच्या खोलीत बसून ती संतांच्या प्लास्टरच्या मूर्ती दुरुस्त करायची. काम मूळ सासऱ्यांचं. त्यांचा हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी ते मुलाला न देता सुनेला शिकवलं, कारण मुलानं रंगवलेला संत योसेफ तापानं फणफणल्यासारखा दिसायचा. तुटक्या बोटात तार घालायची, वर प्लास्टर चढवायचं, भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, ती वाळली की पॉलिशपेपरनं घासायची आणि मग रंग. डोळे सगळ्यात शेवटी, सकाळच्या उजेडात, श्वास रोखून.

इतक्या शांत चेहऱ्यांच्या संगतीत बसूनही बाईची जीभ कात्रीसारखी होती. नवी नवरी असताना तिनं दूधवाल्यापासून सासूपर्यंत कुणाची भीड ठेवली नव्हती. एकदा प्रवचन फारच लांबलं, तर बाहेर पडताना दारात उभ्या असलेल्या फादरना म्हणाली, "फादर, नरक समजला. आता पुढच्या रविवारी जरा लवकर सोडा."

नणंद वर्षातून एकदा सुट्टीला यायची, पांढऱ्या झग्यात. घरात सगळे तिला सिस्टरच म्हणत, तिची आईसुद्धा. दिवाणखान्यात टीव्हीच्या वर तिचा फोटो होता आणि सासूबाई रोज तो पदरानं पुसत. सिस्टर हुशार, वाचलेली आणि उपदेशाला कायम तयार. "वहिनी, जिभेला जरा सुट्टी देत जा," हे ती आल्याच्या दिवशी आणि जायच्या दिवशी न चुकता सांगायची. एका वर्षी तिनं वहिनीच्या हातात पत्त्याएवढं एक चित्र ठेवलं. हाडं मोजता येतील असा म्हातारा, अंगावर धड कपडा नाही, पायाशी सिंह, आणि मुठीतला दगड तो स्वतःच्याच छातीवर मारतोय.

"हा तुझा संत. जेरोम. तुझ्यासारखाच तिखट."

मूर्तीवालीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बायकांना संत मार्था देतात, संत मोनिका देतात, आणि आपल्याला हा उघडाबंब म्हातारा? तिनं ते चित्र रंगांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून टाकलं, डोळ्यांसमोर नको म्हणून. पण ते कपाट ती दिवसातून किती वेळा उघडायची, याचा विचार तिनं केला नव्हता.

पुढच्या सुट्टीत तिनंच विषय काढला. "काय केलं होतं हो या तुमच्या म्हाताऱ्यानं?"

"अख्ख्या बायबलचं भाषांतर केलं. आणि मधल्या वेळात भांडणं," सिस्टर म्हणाली. "जिवलग मित्रालासुद्धा सोडलं नाही. पत्रं अशी लिहायचा की वाचणाऱ्याच्या अंगाला फोड यावेत. म्हणतात की एक पोप त्याच्या चित्रासमोर उभे राहून म्हणाले, बरं झालं बाबा तुझ्या हातात दगड आहे, नाहीतर तुला कुणी संत म्हटलं नसतं."

"म्हणजे राग गेलाच नाही त्याचा?"

"नाही गेला. पण त्यानं दगडही खाली ठेवला नाही."

हे तिला पटलं. ज्याला राग येतच नाही त्याच्याकडून काय शिकायचं? त्याचं आधीच भागलंय. दुसऱ्या दिवशी तिनं मिश्रणातून उरलेला लिंबाएवढा प्लास्टरचा गोळा वाळवला आणि ॲप्रनच्या खिशात टाकला.

सुरुवातीला ती गोळाही आवळायची आणि बोलायचीही. मग हळूहळू आवळणं आणि बोलणं यांच्यामध्ये फट पडायला लागली. सासूबाई "मीठ कमी आहे" म्हणाल्या की पूर्वी "तुमची जीभ जास्त आहे" असं उत्तर यायचं. आता हात खिशात जायचा आणि मिठाची बरणी पुढे सरकायची. सासूबाईंना आधी वाटलं, सूनबाई आजारी आहे. त्यांनी तिचं रक्त तपासून आणलं. कधीकधी फट पडायचीच नाही. मग थोड्या वेळानं, घशात काटा अडकल्यासारखं तोंड करून, ती माफी मागायला यायची. पण वर्षं गेली तसा खिशातला गोळा घासून गुळगुळीत झाला आणि गल्लीतल्या बायका भांडण मिटवायला तिच्याकडे येऊ लागल्या.

ती गप्प बसली की घरातले मात्र तिचा होकार धरून चालायला लागले. आजही तेच झालं.

"नोकरी लागेपर्यंत हॉस्टेलातच राहू दे तिला," सासूबाई म्हणाल्या. "मग बघू."

"हॉस्टेलची खोली महिनाअखेर सोडायचीय तिला. म्हणून तर फोन केला. काही दिवस येऊ का, एवढंच विचारलंन."

"मग दुसरं हॉस्टेल. सूनबाई काही बोलली नाही, म्हणजे तिलाही पटलंय."

नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं, खिशातल्या हाताकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ती कप उचलून मोरीत ठेवून आली आणि मागच्या खोलीत गेली.

तिथं संत अंतोनी बिनहाताचा उभा होता. ब्रश घ्यायला तिनं कपाट उघडलं आणि तशीच उभी राहिली. घरात रिकामी जागा एकच, ही खोली. इथं ती सकाळी येऊन बसली की घरातलं कुणी हाक मारत नसे. आणि नणंद कायमची घरात म्हणजे जिभेच्या सुट्टीचा उपदेश रोज. सासूबाई नाही म्हणत होत्या ते मूर्तीवालीच्या सोयीचं होतं. वाईटपणा त्यांचा, आणि आपण आपल्या गप्प, सोशिक. त्या म्हाताऱ्यानं दगड छातीवर मारला होता. आपण तो तोंडाला बुचासारखा लावून बसलो, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

मागच्या सुट्टीत सिस्टर वाळली होती, जेवत नव्हती. याच खोलीत स्टुलावर बसून तिनं जेरोमची आणखी एक गोष्ट सांगितली होती. त्याच्या म्हातारपणी मोठं शहर शत्रूच्या हाती पडलं. होतं नव्हतं ते गेलेली माणसं त्याच्या दारात आली. ज्यानं लिखाणापुढं कधी कुणाला जुमानलं नाही, त्यानं लिखाण बाजूला सारून त्यांची सोय लावली. हे सांगताना सिस्टर खिडकीबाहेर बघत होती. उपदेशाचं एक अक्षर बोलली नव्हती. तेव्हा मूर्तीवाली लांबी घासत होती. तिनं नुसतं "हं" म्हटलं होतं.

तिनं मापं घेतली. लांब टेबल हललं तर खाट बसेल. टेबल जिन्याखाली जाईल. तिथं उजेड कमी, डोळे रंगवायला रोज सकाळी दाराच्या पायरीवर बसावं लागेल, गल्ली बघायला जमेल. जमू दे.

तिनं फोन लावला. "सिस्टर," तोंडून सवयीनं गेलं. आता ते नाव चालणार नव्हतं. "ताई," ती म्हणाली, "उद्या या."

"तुला चालेल, वहिनी?"

"चालेल की नाही ते येऊन बघा. आणि माझ्या जिभेबद्दल बोलायचं असेल तर आठवड्यातून एकदाच."

पलीकडून हसू आलं की रडू, ते तिला नीट कळलं नाही.

मग तिनं लेकीला हाक मारली. "अंतोनीचे पाय धर. सावकाश." एकेक संत जुन्या चादरीत गुंडाळून दोघींनी जिन्याखाली नेला. लेकीनं एकदाच विचारलं, "आजीला माहितीय?"

"आता कळेल."

सासूबाई टीव्हीसमोर होत्या, नवरा बसच्या चाव्या पुसत बसला होता. ती दारात येऊन उभी राहिली. कोपरापर्यंत प्लास्टरची धूळ, दोन्ही हात खिशाबाहेर.

"ताई उद्या येतायत," ती म्हणाली. "मागची खोली त्यांची, त्यांना हवे तेवढे दिवस. अहो, तुम्ही त्यांना चर्चमधल्या मिस्सेच्या आधी घेऊन या. आई, तुम्ही रोजच्यासारख्या पहिल्या बाकावर बसायचं आणि तुमच्या लेकीला शेजारी बसवायचं. कुणी विचारलं तर घरी आलीय म्हणायचं."

सासूबाईंनी वर फोटोकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"आणि तू कामाला कुठं बसणार?"

"जिन्याखाली," ती म्हणाली. "सामान हलवलंय."