लिफ्टमध्ये ऐकलेला कायदा

जिथे देशाचे कायदे होतात त्या इमारतीत लिफ्टवाल्या काकांनी उभं आयुष्य वर-खाली करण्यात घालवलं. कायदे करणारी माणसं त्यांच्याच लिफ्टने वर जायची आणि बऱ्याचदा कायदा न करताच खाली यायची. लिफ्ट जुनी होती: लोखंडी जाळीचं दार, पितळी मूठ, कोपऱ्यात एक स्टूल. मूठ नेमक्या वेळी सोडली तरच ती मजल्याच्या बरोबरीने थांबायची, नाहीतर मंत्र्यालाही उडी मारून उतरावं लागलं असतं. काकांनी आजवर कोणाला उडी मारायला लावली नव्हती, आणि त्याचा त्यांना माफक गर्व होता. नियम एकच, मजल्याच्या आकड्यापलीकडे बोलायचं नाही. भिंतींना कान असतात म्हणतात. त्या लिफ्टला दोन होते आणि दोन्ही काकांचे होते.

घरी काकू काजं-बटणं करायच्या. गल्लीच्या तोंडाशी शिंप्याचं दुकान होतं. तो शर्ट शिवून गठ्ठा पाठवायचा, काकू हाताने काजं करून परत द्यायच्या. मग मोतीबिंदू आला, आधी एका डोळ्यात, पाठोपाठ दुसऱ्यात. तेव्हापासून कामावर निघण्यापूर्वी काका सुया ओवून उशीवर रांगेने टोचून ठेवू लागले. डावीकडे पांढऱ्या दोऱ्याच्या, मध्ये काळ्या, उजवीकडे निळ्या. "हातांना दिसतंय की सगळं," काकू म्हणायच्या, आणि बरेच दिवस ते खरंही होतं.

त्या वर्षी एका कायद्याची फार बोलवा होती. औषधं, ऑपरेशनं, घरभाडं, स्वयंपाकाचा गॅस, सगळ्यालाच त्यात लगाम बसणार होता. कागदोपत्री त्याचं नाव हातभर लांब होतं. गल्लीने त्याला 'स्वस्ताई' म्हणायला सुरुवात केली, जणू कोणी नात्यातली बाईच मुक्कामाला यायची आहे. शिंप्याने गुडघा तिच्यासाठी राखून ठेवला, शेजारणीने गळकं छप्पर. काकूंनी तर खरोखरच डोळे लावून ठेवले.

"मोतीबिंदू फार पिकलाय," डॉक्टर म्हणाले. "आणखी थांबलात तर नजर परत येईल की नाही, सांगता येणार नाही."

बाहेर येऊन काकू शांतपणे म्हणाल्या, "येतेच आहे ना स्वस्ताई. आता थोडक्यासाठी पूर्ण पैसे कशाला भरायचे?"

"अगं, बाजारात तुरी अजून..."

"तुम्हीच सांगितलंत, लिफ्टमध्ये म्हणत होते, हत्ती गेला, शेपूट राहिलंय."

सांगितलं होतं खरं. बायकोला बरं वाटावं म्हणून काका असली वाक्यं घरी घेऊन यायचे. आता तेच वाक्य त्यांच्या गळ्यात पडलं.

घरात पैसे नव्हते असं नाही. एक डबा होता, पण त्यातले पैसे काकांच्या कवळीचे होते. काकांचे वरचे दात सगळे काढून झाले होते आणि काकूंनी काजांच्या कमाईतून तो डबा भरत आणला होता. त्याला हात लावायचा विषय काढला की त्या एकच बोलायच्या, "माणूस आयुष्यभर तोंड मिटून उभा राहिला. आता तरी चारचौघांत तोंड उघडून हसू दे त्याला."

एके दिवशी लिफ्टमध्ये दोघे सभासद शिरले, एक पिकल्या केसांचे, एक तरुण.

"त्या विधेयकाचं काय झालं?" तरुणाने विचारलं.

"परत समितीकडे. निवडणुकीनंतर बघू. तोवर चालू दे चर्चेचं गुऱ्हाळ."

त्या दिवशी लिफ्ट पहिल्यांदाच मजल्याच्या वीतभर खाली थांबली. म्हातारे सभासद ठेचकाळले. "काय हो, तुमच्याकडून असं?"

"चौथा मजला," काका म्हणाले. दुसरं काही बोलायची परवानगीच नव्हती.

घरी आले तेव्हा काकू खिडकीशी बसून एका पांढऱ्या शर्टाची काजं उसवत होत्या. निळ्या दोऱ्याने केली होती, वरपासून खालपर्यंत. शिंपी भला माणूस, एक शब्द न बोलता त्याने शर्ट परत पाठवला होता. बोटांच्या टोकांनी काकू दोरा शोधत होत्या. नवरा आल्याची चाहूल लागताच त्यांनी शर्ट मांडीखाली सरकवला आणि नेहमीसारखं विचारलं, "आज काय म्हणत होते?"

"झाला," काका म्हणाले.

"काय झाला?"

"कायदा. डोळ्यांचा भाग आधी लागू केलाय. बाकीचं हळूहळू."

इतक्या वर्षांत न बोललेलं सगळं बोलणं त्या एका खोट्यात खर्ची पडलं आणि ते इतकं सफाईदार निघालं की काका स्वतःच चकित झाले. मग एका खोट्याला दुसऱ्याची सोबत लागली. ऑपरेशनसाठी डबा रिकामा व्हायच्या आत कवळी आल्याचं सांगावं लागलं.

"बोलताना अजून हवा जाते तुमची," काकू म्हणाल्या.

"नवी आहे. बसायला वेळ लागतो. चपलेचं नाही का तसं होत?"

दवाखान्यात काकांनी काकूंना पैशांच्या खिडकीपासून लांबच्या बाकावर बसवलं आणि पैसे भरले. पण काकू गप्प बसणाऱ्या थोड्याच. शेजारच्या बाईला त्यांनी सांगून टाकलं, "तुम्हीही सवलत मागा हो, कायदा झालाय." ती बाई उठून खिडकीकडे निघाली. काकांनी तिला अर्ध्या वाटेत गाठून काकुळतीने सगळं खरं सांगितलं. ती परत येऊन बसली आणि काकूंना म्हणाली, "आमचं नाव पुढच्या यादीत आहे म्हणे." परक्या बाईचे हे उपकार काका कधी विसरले नाहीत.

काकूंना आत नेलं, काका बाकावर एकटे उरले, आणि तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. दोन्ही खोट्यांचा आधार एवढाच होता की तिला दिसत नव्हतं. आणि तिला दिसावं म्हणूनच तर ते पैसे भरून बसले होते.

पट्टी निघाली. काकूंनी आधी खिडकी पाहिली, मग नर्स, मग नवरा. नवऱ्याने तोंडावर रुमाल धरला होता. सर्दी झाली होती म्हणे. दुसरा डोळाही झाला तरी त्यांची सर्दी हटेना. घरचं वर्तमानपत्र त्यांनी बंद केलं, पेपरवाला परगावी गेलाय असं सांगितलं. पण शिंप्याचे शर्ट वर्तमानपत्रातच गुंडाळून यायचे, ते त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

एका संध्याकाळी ते घरात शिरले तर फळीवर डब्यांखाली नवा कागद पसरलेला होता. अक्षरं सुलट होती आणि ठळक मथळा नेमका पुढच्या कडेला आला होता: विधेयक पुन्हा समितीकडे. काकू खिडकीशी बसून सुई ओवत होत्या, स्वतःची स्वतः. काका रुमाल शोधू लागले.

"राहू दे तो," काकू म्हणाल्या. "इकडे या, उजेडात."

ते गेले. लांबच्या प्रवासाहून आलेल्या माणसाकडे बघावं तशा त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. आत गेलेले ओठ, बसलेले गाल, सगळं बघून झालं.

"केस पार पांढरे झाले की तुमचे," त्या म्हणाल्या. "कोणी सांगितलंच नाही मला." मग सुई उशीवर टोचून उठल्या. "चला, जेवायला मऊच केलंय."

कायद्याबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या माणसाला आणखी लाजवायचं कशाला, असा त्यांचा स्वभाव. काकांना त्या क्षणी तिच्याबद्दल इतकं प्रेम वाटलं की घास तोंडात तसाच राहिला, आणि या वेळी दोष दातांचा नव्हता.

त्यानंतर शिंप्याकडून येणारा गठ्ठा फुगत गेला. काका सकाळी सवयीने सुया ओवायला बसत, तर त्या आधीच ओवून ठेवलेल्या असत. काकू खिडकीशी, उजेड असेपर्यंत, मान वर न करता काजं करत. डबा पुन्हा फळीवर आला होता, त्याच कागदावर.

एके दिवशी पाणी पुढे करत त्या सहज म्हणाल्या, "आज शिंपी सांगत होता, दातांचा कायदा झाला म्हणे."

काकांनी पेला घेतला. "लिफ्टमध्ये तर काही कानावर आलं नाही."

"तुमच्या लिफ्टला सगळंच कुठे कळतं?" काकू म्हणाल्या. "उद्या रजा टाका. आणि कवळी बसवून आलात की दारातूनच हसत यायचं. मला बघायचंय."

काका हसले. सवयीने हात तोंडाकडे गेला, पण अर्ध्या वाटेतून त्यांनी तो परत खाली आणला.