वन्सं, लेखी हुकूम आणि माझा फोन

पुणे शहरात गेल्या पन्नास वर्षांत जेवढी गुपितं बोलली गेली, त्यांतली निम्मी तरी माझ्या थोरल्या नणंदेच्या पोटात सुखरूप पडून आहेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. वन्सं टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास ताटकळावं लागे, त्या काळात कानाला हेडफोन लावून त्यांनी एकतीस वर्षं लोकांची बोलणी जोडून दिली. जोडताना कानावर पडायचंच. कोणाचं लग्न मोडलं, कोणाचा मुलगा नापास होऊन पळाला, कोणते सज्जन गृहस्थ कोणत्या गावी कोणाची ख्यालीखुशाली विचारतात, हे सगळं त्यांना ठाऊक. आणि त्यातला एक शब्दही त्यांनी आजतागायत कोणाला सांगितलेला नाही. वाईट इतकंच झालं, की लोकांची गुपितं सांभाळता सांभाळता त्यांना स्वतःच्या साध्यासुध्या गोष्टीही गुपितं वाटू लागल्या. "वन्सं, आज भाजी काय केलीत?" म्हणून विचारावं, तर आधी "कशाला हवंय?" असा उलटा सवाल येतो. बिबवेवाडीत आमच्याच इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर त्या एकट्या राहतात. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे अर्थातच कोणालाही माहीत नाही. दारावर पाटी आहे, तिच्यावर नाव नाही. 'काम असल्यासच बेल वाजवावी. काम आधी ठरवून यावे' एवढाच मजकूर आहे.

मी यवतमाळकडची. आमच्याकडे माणूस दारात आला की त्याची सात पिढ्यांची चौकशी होते आणि आपलीही त्याला सांगून होते. अशा घरातून मी या घरात सून म्हणून आले, तेव्हा मला वाटलं, या बाईंना मी आवडले नाही. पुढे कळलं, आवडणं-नावडणंही त्या उघड करत नाहीत. फोनवर तीन मिनिटांच्या वर बोलत नाहीत, कारण ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असे. तीन मिनिटं झाली की वाक्य कुठेही असो, फोन बंद. माझ्या बाळंतपणाची बातमी नवऱ्यानं त्यांना इस्पितळातून फोनवर सांगितली, ती इतकं पाल्हाळ लावून, की मुलगी झाली की मुलगा हे सांगायच्या आतच वेळ संपला. त्या रिक्षा करून इस्पितळात आल्या, पाळण्यात डोकावल्या, आणि म्हणाल्या, "मुद्द्याचं आधी बोलावं."

एकदा स्वारगेटहून आम्ही बसनं येत होतो. पुढच्या बाकावरचे एक गृहस्थ मेहुण्याच्या मूळव्याधीबद्दल फोनवर खड्या आवाजात बोलत होते. डॉक्टर कोण, ऑपरेशन कधी, मेहुणा किती घाबरलाय, सगळं झालं. उतरताना वन्संनी त्यांच्या खांद्याला हलकेच हात लावला. "अहो, डबा कोण नेणार तेवढं राहिलं. बस खोळंबली आहे." गृहस्थांनी रागानं पाहिलं. मग आजूबाजूचे सगळेच आपल्याकडे पाहताहेत हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते कानापर्यंत लाल झाले.

माझ्या मुलीनं त्यांना स्मार्टफोन घेऊन दिला, तेव्हा ही बाई हा फोन वापरणार नाही अशी आमची पैज होती. आम्ही हरलो. या फोनमधला मजकूर मधल्या कोणालाच वाचता येत नाही, पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाच नाही, हे मुलीनं समजावून सांगितल्यावर त्यांनी फोन उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाल्या, "म्हणजे मध्ये ऑपरेटर नाही?" मुलगी म्हणाली, "आहे आत्या, पण तिला ऐकू येत नाही." "उत्तम ऑपरेटर," वन्सं म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून त्यांची त्या फोनवर भक्ती बसली. पासवर्ड बावीस अक्षरांचा. तो टाकताना भिंतीकडे तोंड करून उभ्या राहतात, घरात दुसरं कोणी नसलं तरी. एका दिवाळीत त्या तो विसरल्या. दहा वेळा चुकल्यावर फोननं आतलं सगळं पुसून टाकलं. काश्मीरचे फोटो गेले. मुलगी हळहळली, "आत्या, कुठंतरी लिहून ठेवायचा ना!" "लिहिलं की ते दुसऱ्याचं झालं." "पण काश्मीर गेलं ना सगळं!" "कुठं गेलं? मी पाहिलंय."

यावरून कोणाला वाटेल की वन्सं सरकारवर रागावलेल्या आहेत. छे. सरकार हा शब्द त्या पदर सारखा करून उच्चारतात. फक्त त्यांच्या लेखी सरकार म्हणजे कागद. कागदावर विषय, खाली सही, बाजूला जावक क्रमांक असला की त्या प्राण द्यायला तयार. कागद नसला तर समोर कोण उभं आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नाही.

हे मला आधी हसण्यावारी नेण्यासारखं वाटायचं. तीन वर्षांपूर्वी मला चौकीवर बोलावणं आलं, तेव्हा हसू थांबलं.

मी एका छोट्या केंद्रात समुपदेशनाचं काम करते. घरातल्या मारहाणीला कंटाळलेल्या बाया येतात, बोलतात, रडतात. नंतर फोनवर लिहितात. त्या वर्षी त्यांतली एक नवऱ्याला न सांगता घर सोडून गेली. ती परगावी मावशीकडे आहे, हे फक्त मला ठाऊक होतं, आणि तो पत्ता माझ्या फोनमध्ये होता. नवऱ्यानं तक्रार केली, की माझ्या बायकोला फूस लावून पळवलं. मला चौकशीला बोलावलं. आमचे हे नेमके बाहेरगावी. मी वन्संना सांगितलं आणि निघाले, तर त्या जिन्यात पिशवी घेऊन उभ्या. "सरकारी कामाला एकटं जाऊ नये," एवढंच म्हणाल्या.

चौकीतले अधिकारी तिशीतले, डोळ्यांखाली काळं आलेले, वागायला सभ्य. मला म्हणाले, "मॅडम, फोनचं लॉक उघडून द्या. पाच मिनिटं बघतो, परत देतो. काही लपवायचं नसेल तर घाबरायचं कशाला?" दाराबाहेरच्या बाकावर तो नवरा बसला होता. शेजारच्या शिपायाबरोबर त्याचा चहा चालला होता, दोघं जुने मित्र असावेत तसा. त्या फोनमध्ये पन्नासेक बायांचं सगळं आयुष्य होतं. कोणी कुठं लपली आहे, कोणी कोणाला काय सांगितलं नाही, सगळं. नाही म्हणावं तर मी गुन्हेगार ठरणार, हो म्हणावं तर तो पत्ता संध्याकाळपर्यंत बाकावर पोचणार. खोटं कशाला सांगू, मी अंगठा फोनवर टेकवायला नेलाही होता.

"थांब," वन्सं म्हणाल्या. मग अधिकाऱ्यांकडे वळून, "साहेब, आपल्याला नेमकं काय बघायचंय?"

"सगळंच बघावं लागेल, काकू."

"सगळं म्हणजे कोणता नंबर? कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत?"

ते जरा चमकले. वन्सं शांतपणे सांगू लागल्या, "मी टेलिफोन खात्यात होते. एखाद्या लाइनवर कान ठेवायचा हुकूम आम्हालाही यायचा. आला की आम्ही पाळायचो. पण तो लेखी यायचा. एक नंबर, इतके दिवस, हे कारण, खाली सही. एकदा एक मोठे साहेब स्वतः येऊन माझ्या मागे उभे राहिले, म्हणाले, जरा ऐकू द्या. मी म्हटलं, कागद आणा. माझी बदली झाली, पण हेडफोन दिला नाही."

अधिकाऱ्यांचा आवाज चढला. "काकू, तुम्हाला हे बोलायला सोपं आहे. गेल्या वर्षी एक शाळकरी मुलगी हरवली होती. फोन घरीच सापडला, पण बंद. बापाला लॉक माहीत नव्हतं, कंपनी उघडून देईना. तीन दिवस आम्ही तो फोन हातात घेऊन बसलो होतो. चौथ्या दिवशी मुलगी सापडली, पण ते तीन दिवस तिच्यावर काय गेलं ते मला विचारा."

वन्संनी मान खाली घातली आणि त्या हळूच म्हणाल्या, "खरं आहे तुमचं. ते कुलूप उघडायला हवं होतं." मग मान वर करून म्हणाल्या, "पण ही बाई हरवलेली नाही, साहेब. ती लपली आहे. कोणापासून, ते बाहेर बसलंय."

अधिकाऱ्यांनी दाराकडे पाहिलं. शिपायाला हाक मारून त्या नवऱ्याला फाटकाबाहेर बसवायला सांगितलं. मग कागद ओढला आणि लिहायला बसले. ती बाई स्वतःच्या मर्जीनं गेली का, एवढीच माहिती त्यांना हवी होती. तेवढंच लिहिलं, सही केली. वन्संनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला, जावक क्रमांक मागितला, आणि मला म्हणाल्या, "आता दे. तिला विचारून, तिचं आणि तुझं जेवढं बोलणं आहे तेवढंच दे." मी अंगणात जाऊन त्या बाईला फोन केला. दोन दिवसांनी ती मावशीला घेऊन आली, एका महिला अधिकाऱ्यासमोर बसून तिनं जबाब दिला, तिचे माझे निरोप आम्ही छापून जोडले. पत्ता बंद पाकिटात गेला. तक्रार तिथंच संपली. बाकीच्या बायांना यातलं काही कळलंही नाही, आणि त्यांची नावं माझ्या फोनमध्ये जशीच्या तशी राहिली.

आम्ही निघताना ते अधिकारी दारापर्यंत आले. जरा संकोचून म्हणाले, "काकू, एक विचारू? माझा पासवर्ड मुलीची जन्मतारीख आहे. चालेल ना?"

"आता मला कळला," वन्सं म्हणाल्या. "बदला."

पुढच्याच वर्षी निवृत्त ऑपरेटर बायकांचं कसबा पेठेत एका सभागृहात जेवण होतं. वन्संना पोचवायला मी गेले. तिथं त्यांच्या एका जुन्या मैत्रिणीनं मला कोपऱ्यात घेतलं. "तू यवतमाळची वहिनी ना? तुझंच आहे म्हणून तुला सांगते. लग्नाच्या पहिल्या वर्षी तू पोस्टातून आईला ट्रंक कॉल लावला होतास. रडत होतीस. नणंदेबद्दलच बोललीस बरंच." मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. त्या काळी मी आईला काय काय सांगितलं असेन, ते मला नीट आठवत होतं. "वन्संनी ऐकलं?" मी विचारलं. "नाही गं. कॉल हिच्याच बोर्डावर आला होता. तुझा आवाज ओळखला, हेडफोन काढून माझ्या हातात दिला. म्हणाली, ही लाइन तू घे, घरची आहे. आणि उठून पाणी प्यायला गेली. परत आल्यावर तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

घरी येताना रिक्षात मी त्यांचा हात धरून बसले. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

हल्ली वन्संना ऐकू कमी येतं. हेडफोनचा कान आधी गेला, मग दुसराही मंदावला. डॉक्टरांनी यंत्र सुचवलं, त्या नको म्हणाल्या. एकतीस वर्षं गावाचं ऐकलं, आता पुरे. दुपारी चारला मी चहा घेऊन वर जाते. आम्ही गॅलरीत बसतो. खाली शाळा सुटते, रिक्षावाले एकमेकांवर ओरडतात, कुणीतरी कुणाला तरी हाका मारत असतं. वन्सं डोळे मिटून बसलेल्या असतात. मधेच विचारतात, "काय चाललंय खाली?" मी कठड्यावरून वाकून पाहते, आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगते.