गच्चीवरचा भोंगा आणि जिन्याखालचं वायफाय

माझ्या घराच्या गच्चीवर एका बंद पडलेल्या कंपनीचा भोंगा आहे, आणि तो मी निव्वळ रागापोटी विकत घेतला आहे.

लातूरहून नोकरीला आलो तेव्हा मी दापोडीत चार-पाच पोरांबरोबर एका खोलीत राहायचो. सकाळी हा भोंगा वाजला की अख्ख्या रस्त्याची चाल बदलायची. सायकलींच्या घंट्या, डब्यांचा खडखडाट. कुणी चालता चालता शर्ट खोचतोय, कुणी तोंडातला पाव चहाविना गिळतोय. भोंग्याचा आवाज उतरायला लागला की टाइमकीपर गेट लोटायचा. आवाज संपायच्या आत शिरलात तर ठीक, नाहीतर अर्धा दिवस गेला! एकदा माझा एक पाय गेटच्या आत होता आणि एक बाहेर. टाइमकीपर शांतपणे म्हणाला, "आतल्या पायाची हजेरी लावू का?" सगळे हसले. तेव्हापासून माझं त्या भोंग्याशी वैर.

पुढे मी नोकरी सोडली, निघोज्यात स्वतःचं लेथचं वर्कशॉप टाकलं, निगडीला प्राधिकरणात घर बांधलं, आणि कंपनी बंद पडली. (माझा त्यात हात नाही. असता तर मी आधीच सांगितलं असतं.) भोंगा कुदळवाडीत भंगारात आलाय असं कळलं, तसा धावलो.

"काय करणार याचं?" भंगारवाल्यानं विचारलं.

"घरी बसवणार."

"मग हा भंगार नाही, वस्तू झाली. वस्तूचा भाव वेगळा."

"वजनावरच दे. घरी नेल्यावर काय त्याचं वजन वाढणार आहे?"

वजनावर घेतला. घराला चोरांसाठी अलार्म मी आधीच बसवला होता. प्रत्येक दार-खिडकीची वायर भिंतीतून जिन्याखालच्या पेटीत नेलेली, पोर्चवर एक कॅमेरा. इलेक्ट्रिशियनच्या डोक्यावर उभं राहून मी हे काम करून घेतलं होतं. फक्त त्याचा सायरन कुकरच्या शिट्टीची धाकटी बहीण वाटायचा. तो काढला आणि पेटीला भोंगा जोडला. ज्यानं मला जन्मभर पळवलं, तो आता माझ्या घराची राखण करणार!

पण यंत्रणा कितीही चांगली असली तरी ती वाजली हे ऐकायला कुणीतरी घरी नको का? म्हणून मी घरी. नातेवाइकांच्या सगळ्या लग्नांना माझी बायको, शोभा, एकटी जात राहिली.

यंदा तिच्या भाचीचं औशाला लग्न ठरलं. ही भाची लहानपणी आमच्याकडेच राहिलेली, शोभाच्याच हातची जेवलेली. त्यामुळे शोभा इरेला पेटली.

"आहेर जोडीनं घ्यायचाय. एकटीनं घेऊन घेऊन आता लोक विचारतात, अहो, भाऊजी आहेत ना?"

"आणि घर?"

"घर गाडीला बांधून न्या. पण या खेपेला तुम्ही आला नाहीत, तर मी तिथंच राहीन. मग राखत बसा घर!"

ती हे चिडून म्हणाली असती तर मी सोडून दिलं असतं. चिडणं हे माझं खातं आहे. ती मेथी निवडता निवडता म्हणाली. मी दुकान गाठलं.

"काका, ती वायरवाली सिस्टीम काढून टाका," दुकानातला पोरगा म्हणाला. "आता सगळं वायरलेस."

"भिंतीतल्या वायरी काढायला भिंत पाडू? वायर राहणार. चोर आला की मला औशाला मोबाइलवर कळलं पाहिजे. बोल!"

मग त्यानं मेश वायफाय दाखवलं. छोट्या पांढऱ्या डब्या. एकीनं दुसरीला नेट पोचवायचं. जिन्याखाली आमचं नेट येतच नव्हतं, म्हणून एक डबी हॉलमध्ये, एक जिन्याखाली पेटीला जोडलेली. दोनात काम होत होतं. पण घासाघीस करता करता मी पोराला इतका खाली आणला, की त्या भावात तीनचा संच न घेणं हा मला गुन्हा वाटला! तिसरी डबी शेजारच्या जगदाळ्यांच्या गळ्यात मारली. जगदाळे आमच्याच कंपनीतून, पेंट शॉपमधून, रिटायर झालेले.

"डबीचे निम्मे पैसे द्या, नेट माझं वापरा," मी म्हणालो.

"निम्मेच? यात काहीतरी गोम आहे राव."

"शेजारधर्म आहे, जगदाळे!"

पुस्तिका वाचून मी स्वतः जोडणी केली. मोबाइलनं विचारलं, नेट तुटलं तर सायरन वाजवायचा का? वाजवायचा म्हणजे? चोर काय वायर तोडण्याआधी परवानगी घेणार आहे? वाजवायचा! मग चाचणीसाठी मी स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं.

भोंगा वाजला. आधी खालच्या पट्टीत घुमला, मग चढत चढत सगळ्या सेक्टरवर उभा राहिला. पायात चप्पल कधी घातली, मलाच कळलं नाही. काठ्या घेऊन धावत येणाऱ्या शेजाऱ्यांना थोपवायला मी पोर्चमध्ये आलो.

एकही आला नाही! समोरचे मुनीरभाई, कंपनीच्या प्रेस शॉपचे, बाल्कनीत आले आणि मनगटावरचं घड्याळ लावून घेतलं. जगदाळे कापडी पिशवी घेऊन झपाझप कोपऱ्यावरच्या बसस्टॉपपर्यंत गेले आणि तिथं, आपण इथं का आलो, अशा चेहऱ्यानं उभे राहिले. घरात शोभा पोळ्या गुंडाळून डब्यात भरत होती.

"कुणाचा डबा?"

"काय माहीत! हात आपोआपच चालले."

मी रस्त्यावर येऊन ओरडलो, "अहो, चोरांचा अलार्म आहे हा! वाजला की धावत यायचं!"

"राव, भोंगा वाजला की घरातनं निघायचं असतं," मुनीरभाई वरून म्हणाले. "यायचं कुठं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी भोंगा आपणहून वाजला. तिसऱ्या दिवशीही. दारं बंद, खिडक्या बंद, चोराचा पत्ता नाही; मोबाइलवर नुसतं 'नेट तुटलं'. मी फोनवर दुकानातल्या पोराला इतका झापला, की तो मला काकांवरून 'सर' म्हणायला लागला. आणि इकडे कंपनीतले म्हातारे रोज भोंगा वाजला की माझ्या पोर्चमध्ये जमू लागले! कँटीनची पातळ डाळ, रात्रपाळीला पत्र्यावर वाजणारा पाऊस, दिवाळीच्या बोनसचं पहिलं रेशमी लुगडं. त्या डाळीला तेव्हा शिव्या घालणारे हेच लोक आता तिच्या आठवणीनं ओठ चाटत होते. शोभा चहा करत होती. टाइमकीपरची गोष्ट निघाली तेव्हा मीही बसलो. (दोन कप झाले. तरी चिडलेलाच होतो.)

लग्न तोंडावर आलं, तसा मी जगदाळ्यांकडे भांडायला गेलो. पुरावा काही नव्हता, पण भांडणाला मी पुराव्यासाठी कधी थांबत नाही.

"तुमच्याच घरातनं काहीतरी होतंय!"

"माझ्या घरात काय होणार? जेवलो, आता पडतो. थांबा, बटणं बंद करून येतो." पेंट शॉपची सवय, आगीच्या धास्तीनं दुपारी पडण्याआधी घरातलं एकही बटण चालू ठेवायचे नाहीत.

त्यांनी शेवटचं बटण खाली केलं आणि माझ्या गच्चीवर भोंगा उठला.

तेव्हा उलगडा झाला. जिन्याखालच्या डबीला माझ्या हॉलपेक्षा भिंतीपलीकडची जगदाळ्यांची डबी जवळ वाटत होती. ती तिथूनच नेट घेत होती. माझ्या घराची सगळी सुरक्षा जगदाळ्यांच्या झोपेवर टांगलेली!

"हे बटण बंद करायचं नाही!" मी ओरडलो.

"बटण माझं आहे."

"डबी माझी आहे!"

"निम्मी माझी," जगदाळे म्हणाले. "कुठली निम्मी, ते ठरवा आणि मला उठवा."

घरी येऊन मी शोभाला सांगितलं, "तू पुढं हो. हे असं सोडून मी कसा येऊ?" ती भांडली नाही. भरलेल्या बॅगेतून तिनं माझा इस्त्रीचा शर्ट काढला, हातानं सारखा केला आणि कपाटात परत ठेवला.

पोर्चमध्ये जगदाळे आणि मुनीरभाई चहाला बसलेले होते. खिडकी उघडी होती.

"भाऊ, तुम्ही जा," मुनीरभाई म्हणाले. "आम्ही शिफ्ट लावतो. पहिली माझी, दुसरी जगदाळ्यांची, रात्रपाळीला दोघं."

"आणि बटण?"

"बंद करत नाही," जगदाळे म्हणाले. "पण चहा तुमच्या घरचा, दूध तुमचं, आणि स्वयंपाकघराची किल्ली आमच्याकडे."

आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्यानं सांगितलेल्या पहिल्याच भावाला हो म्हणालो. शर्ट कपाटातून मीच काढला.

औशाला आम्ही जोडीनं आहेर घेतला. शोभाची मान अशी ताठ, की वाटावं मुलगी तिचीच! मागच्या दाराचा भोंगा मी निघताना बंद करून आलो होतो, मोबाइल मात्र सारखा वाजत होता. मागचं दार उघडलं: चहा. मागचं दार बंद झालं: चहा झाला. परत उघडलं: साखर कमी पडली. मध्येच पोर्चच्या कॅमेऱ्यात बघितलं, तर जगदाळे माझ्या आरामखुर्चीत आणि पत्त्यांचा डाव रंगलेला!

परवा लग्नाचा अल्बम आला. शोभानं तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सावकाश बघितला. प्रत्येक फोटोत ती पैठणी नेसून कॅमेऱ्याकडे बघत हसतेय आणि तिच्या शेजारी एक माणूस खाली मान घालून मोबाइलमध्ये बघतोय. चेहरा एकाही फोटोत नाही, नुसतं टक्कल!

"आलात, हे खरं," ती म्हणाली. "आता हे टक्कल तुमचंच आहे, एवढं लोकांना पटवायचं राहिलं."