चिमीचा पहिला शब्द

चिमी तीन वर्षांची झाली तेव्हा आमच्या मालवणच्या घरात तिच्याशिवाय सगळे बोलत होते.

मला तिच्या तोंडून फक्त 'बाबा' ऐकायचं होतं. रोज संध्याकाळी अंगणातल्या खळ्यात बसून मी तिला शिकवायचो, "म्हण, बा-बा!" ती माझ्याकडे बघून गोड हसायची. शेवटी शेजारचा दोन वर्षांचा पोरगा मला बाबा म्हणायला लागला! (त्याच्या खऱ्या बाबांनी बरेच दिवस माझ्याशी अबोला धरला.)

माझी आई म्हणाली, "तूय उशिरानंच बोललंस रे. मगे गप म्हणान रवाक नाय!"

तरी बायकोने हट्टाने चिमीला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात नेलंच. बोलायला शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "आधी कान तपासू. ऐकूच येत नसेल तर ती शब्द उचलणार कुठून?"

"मॅडम, माझी स्कूटर आली की धावत येते ती!"

"दिसते म्हणून येत असेल."

आवाजबंद खोलीत चिमी माझ्या मांडीवर बसली. आवाज आला की तिने हातातला ठोकळा बादलीत टाकायचा. पहिला आवाज आला. ठोकळा बादलीत! दुसरा, तिसरा, सगळे बादलीत! मी आनंदाने ओरडलो, "बघा, म्हटलं नव्हतं?"

मॅडम काचेपलीकडून म्हणाल्या, "आवाज आला की तुम्ही दचकता. तुमचा गुडघा उडाला की ती ठोकळा टाकते. तुमचे कान उत्तम आहेत. बाहेर या!"

मग ती तिच्या आईच्या मांडीवर बसली. मी काचेतून बघत होतो. आवाज वाढत गेला, ठोकळा तिच्या मुठीतच राहिला. ती मला शोधत इकडेतिकडे बघत होती. मी तिला हात केला. दुसरं काही सुचेना.

कानाला यंत्रं बसली. दर आठवड्याला ओरोसची एसटी आणि मॅडमची शिकवणी सुरू झाली. घरी माझं "बा-बा, बा-बा" सुरूच.

आणि एका सकाळी चिमीने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि स्पष्ट म्हणाली, "गप!"

(आमच्या घरात हा शब्द दिवसभर कोणाला उद्देशून वापरतात, हे सांगायला नको.)

बायको हसता हसता रडायला लागली. मी तर अख्ख्या वाडीत सांगत सुटलो!

चिमीला वाटलं, हेच माझं नाव. पुढे कितीतरी दिवस कोणी विचारलं, "चिमी, ह्यो कोण गो तुझो?" की ती ऐटीत सांगायची, "गप!"

आणि मी लगेच ओ द्यायचो.