अक्षयाची काळी खिडकी

धामापूरची अक्षया पुण्यातली नोकरी सोडून घरी आली, तेव्हा तिचं तिकडे काहीतरी बिनसलं असणार, असं गावाने ठरवून टाकलं. बिनसलं काही नव्हतं. तिला इथंच राहायचं होतं आणि ते कुणाला पटवत बसायची तिला गरज वाटली नाही. मालवणच्या होडीवाल्यांसाठी तिने बुकिंगचं ॲप बांधलं. त्यातला एक प्रोग्राम जागा सांभाळायचा, दुसरा पैसे घ्यायचा, तिसरा पर्यटकांना मेसेज धाडायचा.

नाताळच्या गर्दीत एकाच होडीतल्या त्याच जागा दोन कुटुंबांना गेल्या. जेटीवर भांडण जुंपलं. होडीवाल्यांचा पुढारी धनेश तिला सगळ्यांदेखत म्हणाला, "बाय, ह्या तुका झेपाचा नाय. मुंबयच्या कंपनीक देवन टाकूया."

अक्षयाने संध्याकाळपर्यंत वेळ मागितला, तोही मान वर करून.

घरी येऊन तिने तिन्ही प्रोग्रामच्या नोंदी एकेक करून वाचल्या. प्रत्येक जण आपापल्या जागी शहाणा, चूक एकातही दिसेना. मग तिने तिन्ही प्रोग्राम स्वतःच्या लॅपटॉपवर चालू केले आणि त्यांच्या नोंदी टर्मिनलच्या, म्हणजे नुसती अक्षरं दाखवणाऱ्या, एकाच काळ्या खिडकीत सोडल्या. जागांच्या ओळी हिरव्या, पैशांच्या पिवळ्या, मेसेजच्या निळ्या. दोन फोनवरून तिने एकदमच तीच जागा मागितली. ओळी सरसर धावू लागल्या. हिरवी म्हणाली, जागा मोकळी. पिवळी पैसे घ्यायला लागली. ते पोचायच्या आतच हिरवी दुसऱ्या फोनलाही म्हणाली, जागा मोकळी. मागितल्याबरोबर जागा अडवून ठेवायला हवी होती, आणि तेवढंच लिहायचं अक्षयाकडून राहिलं होतं.

संध्याकाळच्या सभेत तिने तेच सगळ्यांसमोर पुन्हा चालवून दाखवलं.

"म्हणजे चूक तुझीच मगे," धनेश म्हणाला.

"होय, माझीच. ती खंय आसा, ता मी तुमका दाखवलंय. मुंबयवाले दाखवतले?"

होडीवाल्यांतला म्हातारा बाबली तेवढा म्हणाला, की त्याची होडी अक्षयाकडेच राहील. तरी निम्मे होडीवाले धनेशमागे मुंबईच्या कंपनीकडे गेले. तिला ते लागलं, पण मनधरणी करायला ती कुणाच्या दारी गेली नाही. सभेच्या जागीच बसून तिने दुरुस्ती केली. नव्या वर्षाच्या गर्दीत उरलेल्या होड्या भरभरून सुटल्या आणि एकही जागा दोघांना गेली नाही.

पुढे त्या कंपनीने तिलाच नोकरी देऊ केली. नको, एवढंच तिने उलट कळवलं.