रियाधची निसरडी न्हाणीघरं

"परत न्हाणीघरात घसरली? अहो डॉक्टर, रियाधभरच्या न्हाण्यांत कुणी तेल ओतून ठेवलंय काय?"

वकीलबाई आमच्या दवाखान्यात ओरडत होत्या. आवाज असा, की तिकडे अल खर्जच्या गोठ्यांत गायींचं दूध आटलं असणार. समोर नाशिकची एक बाई, मनगट प्लास्टरमध्ये. शेजारी तिचा इंजिनियर नवरा, निवांत घड्याळ बघत. औषधांच्या खिडकीआड मी, लपलेला.

वकीलबाई नवऱ्याच्या बँकेतल्या नोकरीपायी इथे आलेल्या. इकाम्यावर, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्यावर, गृहिणी, डोक्यात कायद्याची पीएचडी. विषय एकच: मार खाल्लेली बाई समोर आली, की डॉक्टर, शिक्षक, वकील ही शहाणी मंडळी नेमकं काय करतात? रियाधच्या मराठी बायकांनी त्यांना हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं होतं. वाण हातात घेता घेता बाई विचारायच्या, "बरं, मग तुम्ही काय केलंत?" आणि तिळगूळ घशात अडकायचा.

उत्तरं ठरलेली. डॉक्टर म्हणत, हाड जोडणं आमचं काम. शाळेतल्या मॅडम म्हणत, घरगुती मामला आहे. बाई ते उतरवून घेत आणि पूर्णविराम असा ठोकत की टेबलाला खड्डा पडे.

त्या दिवशी इंजिनियर गाडी आणायला गेला, तशी नाशिकची बाई कुजबुजली, "ताई, मला आईकडे जायचंय. यांनी अर्ज केल्याशिवाय देशाबाहेर जाता येत नाही. आणि हे करत नाहीत."

"यल्ला!" वकीलबाई माझ्यावर गरजल्या. "गाडी काढा."

तेव्हा तिथे बाईमाणसाला गाडी चालवायची मुभा नव्हती, परपुरुषाबरोबर एकटीने बसायचीही नव्हती. म्हणून आधी बँकेतून त्यांचा नवरा उचलला. पुढच्या सीटवर तो, निव्वळ कायदेशीरपणापुरता. धार्मिक पोलीस दिसला की बिचारा एवढा आक्रसायचा, की मला वाटे सीट रिकामीच आहे.

गाडी थेट कफीलच्या दारात. कफील म्हणजे इंजिनियरला देशात आणणारा त्याचा मालक, डोंगराएवढा म्हातारा. हिंदुस्थानी कामगारांत आयुष्य गेल्याने हिंदी झकास. आम्ही दोघे पुरुष भिंतीला चिकटलो. बाईंनी चहा संपवला आणि विचारलं, "आपके आदमी ने बीवी का हाथ तोड़ा है. आपने क्या किया?"

म्हाताऱ्याकडे लोक शिक्के मागायला येत. जाब विचारायला कुणी आलं नव्हतं. मग त्याने फोन उचलला. त्या गर्जनेतला 'खलास' एवढाच शब्द मला कळला. पलीकडच्या इंजिनियरला सगळेच कळले असावेत, कारण संध्याकाळपर्यंत अर्जावर त्याची सही होती.

विमानतळावर वकीलबाईंनी त्या प्लास्टरवर आपल्या पुण्याच्या आईचा फोन नंबर लिहिला. ठळक, मोठ्ठा. नाशिकची बाई प्लास्टर छातीशी धरून विमानात बसायला गेली.

पुढे वकीलबाईंच्या नवऱ्याचा करार संपला आणि त्याही गेल्या. दवाखाना असा शांत झाला की भिंतीवरची पाल चालली तरी ऐकू यायची.

जायच्या आधी त्यांच्या मार्गदर्शक सरांचा पुण्याहून फोन आला होता. मी त्यांच्याच घरी पोहे खात होतो. सरांचा आवाज थेट माझ्या बशीपर्यंत येत होता. "संशोधकाने निरीक्षण करायचं असतं! तुम्ही मध्ये पडलात! आता ते प्रकरण अभ्यासात धरता येणार नाही!"

"मग एक कमी धरा, सर," बाई म्हणाल्या.