निरंक

दिग्रसच्या सार्वजनिक वाचनालयात ममता राठोड चौदा वर्षांपासून पुस्तकं देते-घेते. मेलेले उंदीर उचलले, वाळवीनं खाल्लेली कपाटं साफ केली, कधी नाक मुरडलं नाही. पण खरी किळस आली ती किसनरावांची. किसनराव म्हणजे वाचनालयाचे सचिव.

दोघं यवतमाळला प्रशिक्षणाला गेले होते. घरानं हाकललेली समलिंगी, तृतीयपंथी मुलं वाचनालयात आली तर कसं वागायचं, त्याचं. ममता वहीत उतरवत होती : सांगतील त्याच नावानं हाक मारा, पत्त्यासाठी अडवू नका. किसनराव मागच्या रांगेत शेजाऱ्याला कोपर मारून खिदळत होते. फोटोला मात्र सगळ्यांच्या पुढं.

प्रमाणपत्र भिंतीवर लागलं, त्याच दिवशी त्यांनी खिडकीजवळच्या खुर्चीकडं बोट केलं. तिथं अर्पिता बसायची. एकोणीस वर्षांची, पोलीस भरतीचा अभ्यास करणारी. घाटंजीच्या घरी तिचं नाव गोपाल होतं; ओढणी घेतली त्या दिवशी बापानं दार लावून घेतलं. झोपायला बसस्टँड, बसायला ही खुर्ची.

"ते उठलं की खुर्ची फिनाइलनं पूस," किसनराव म्हणाले. "अन् उद्यापासून येऊ देऊ नको त्याले."

"काहून भाऊ? काल यवतमाळले तर टाळ्या वाजवल्या तुम्ही."

"टाळ्या तं तेच वाजवते!" स्वतःच्याच विनोदावर ते असे हसले की तोंडातल्या तंबाखू-सुपारीच्या खर्र्याचे शिंतोडे टेबलभर उडाले.

ममतानं फिनाइल आणलं अन् टेबल पुसलं. खुर्चीला हात लावला नाही.

मग त्यांनी यवतमाळला पाठवायचा तक्ता सरकवला. 'आपल्याकडे समलिंगी, तृतीयपंथी युवक किती येतात?'

"निरंक लिव. तुयं अक्षर चांगलं हाय."

निरंक. काहीच नाही म्हणायचं असलं की सरकारी कागदावर हाच शब्द. समोर जिवंत पोरगी पान उलटतेय, अन् हा माणूस तिला शून्य करायला निघालाय! ममतानं सुरेख अक्षरात लिहिलं : 'एक. अर्पिता. रोज येते. खिडकीजवळची खुर्ची तिच्यासाठी राखीव.'

किसनरावांनी सही ठोकली. न वाचता, नेहमीसारखी.

दुसऱ्या दिवशी दारातच ते अर्पिताला आडवे झाले. "पुन्हा आलं हे?"

ममतानं झेरॉक्स पुढं धरली. "कसं हाकलू भाऊ? तुमचीच सही हाय. कागद कालच पोस्टात गेला."

किसनराव ओठ हलवत, एकेक शब्द वाचू लागले. वाचनालयात त्यांना वाचताना ममता पहिल्यांदाच पाहत होती.

"तू बस वं माय," ती अर्पिताला म्हणाली.

किसनराव खिडकीबाहेर पचकन थुंकले; शिंतोडे चौकटीवर उडाले. फिनाइल अर्धी बाटली उरलं होतं.